पंचवीसची की साठची

धरमसिंगनं दुकानाच्या काचेवर तारांना डाग द्यायच्या दोन सोल्डरिंग आयर्न ठेवल्या. इंदूबाईनं दोन्ही हातांत एकेक घेऊन तोलून पाहिल्या, बाजारात दोडके पाहावेत तशा.

"ही जड हाय," ती म्हणाली. "हीच द्या."

"वयनी, वजनावर नसते घ्याची. ते साठ वॅटची हाय. जाड तारा, पत्रा, असल्या कामाची. जोडाचं काय हाय?"

तिच्या मुलीनं, मैत्रेयीनं, पिशवीतून साबणाची डबी काढली. आत बोटभर हिरवी पट्टी, तिच्यावर काळी चिप आणि एक इवलासा स्पीकर. "दाराची बेल हाय, काका. बाबानं बनवलेली. चिपपाशी बॅटरीची तार हालून राह्यली."

धरमसिंगनं डबीकडे पाहिलं, पण हात लावला नाही. "बोलते ते हेच काय?"

"हो."

फुलसावंगीच्या या बेलची कीर्ती पुसदच्या बाजारापर्यंत आली होती. इंदूबाईचा नवरा भीमराज जिनिंगमध्ये फिटर. उठून दार उघडायचा त्याला कंटाळा, म्हणून त्यानं बेलमध्ये स्वतःचाच आवाज भरून ठेवला होता: 'थांबा, आलो.' बटण दाबलं की बेल उत्तर द्यायची, मग भीमराज सावकाश हात धुवायचा. गेल्या वर्षी एका पहाटे तो झोपेतच गेला. बेलला हे कोणी कळवलं नाही.

कापसाची ती वाईट सालं होती. कुठं मयत झाली की आत्महत्येच्या चौकशीची पांढरी सरकारी गाडी यायची. तशी एक यांच्याही दारात आली. साहेबांनी बटण दाबलं, आतून आवाज आला, आणि साहेब ओट्यावर रुमाल अंथरून मयताची वाट पाहत बसले. ते येणार नाहीत, हे इंदूबाईनं बाहेर येऊन सांगितलं. कापूस पेरत होते का, साहेबांनी विचारलं. नव्हते. झोपेत गेले. साहेब जरा हिरमुसले.

"भूत हाय म्हनतेत लोक," धरमसिंग म्हणाला.

"आमी बुद्धाचे. आमच्यात भूत नसते."

"ते त्याले सांगतलं काय?"

इंदूबाई हसली नाही. मैत्रेयीला हसू आलं, पण तिनं ते गिळलं.

उन्हाळ्यापासून बेल बिघडली होती. बटणाला कोणी हात लावला नसतानाही ती बोलायची, आणि तेही अर्धंच. 'थांबा.' पुढचं 'आलो' येतच नव्हतं. मग इंदूबाई असेल तिथं थांबायची. तव्यावर भाकर जळायची. एकदा ती वाळत टाकायचं लुगडं हातात धरून अंगणात उभी राहिली, पाऊस आला तरी उभीच. मैत्रेयीनं ओढून आत नेलं तेव्हा म्हणाली, "त्याईले पुढचं बोलू तं दे."

"पंचवीसची घ्या," धरमसिंग म्हणाला. "साठनं चिप जळून जाते."

"मंग आवाज?"

"आवाज कुठचा राह्यते, वयनी. कायमचा गेला."

इंदूबाईनं मान हलवली.

"पंचवीसचीच द्या, काका," मैत्रेयी म्हणाली आणि गाडी लागली का ते पाहायला स्टँडवर गेली. इंदूबाई पुडकं बांधून घ्यायला थांबली.

घरी आल्यावर मैत्रेयीनं पाट ओढला, चिपची बॅटरी काढून डाव्या मुठीत धरली आणि पुडकं सोडलं. आयर्नच्या दांड्यावर साठ लिहिलं होतं.

"आई, काकानं चुकून दुसरीच देल्ली."

"चुकून नाही. मी बदलून घेतली."

इंदूबाई परातीत पीठ मळत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"कायले?"

"लाव ते."

"पंचवीसनं नीट होते, आई. 'आलो' पन येईन मंग."

"'आलो' येईन. ते कुठं येनार हायत."

मैत्रेयीनं मुठीतल्या बॅटरीकडे पाहिलं. "असं असन तं बॅटरीच काढून ठेवू ना. आवाज तं राहीन."

"काढली होती मागं," इंदूबाई म्हणाली. "मीच लावली परत."

मैत्रेयीनं प्लग लावला. टोकावरून धुराची बारीक रेघ निघाली, नव्या वस्तूचा वास घरभर झाला. ती चिपवर वाकली. चिपचे बारीक पाय तिनं पाहिले, आणि हात तसाच अधांतरी ठेवला.

"थांबा," बेल म्हणाली.

परातीतले हात थांबले. मैत्रेयीचाही हात थांबला.

"आलो."

इतक्या स्वच्छ आवाजात की मागं कुठं तरी पाटही सरकल्यासारखा वाटला.

इंदूबाई उठली. हाताचं पीठ पदराला पुसलं.

"बसा तुमी," ती म्हणाली, भीमराज जेवणावरून उठायला लागला की म्हणायची त्याच सुरात. "मी पाह्यतो कोन हाय तं."

तिनं दार उघडलं. बाहेर दुपार होती आणि शेजाऱ्यांची शेळी. तिनं दार तसंच सताड उघडं टाकलं.

"पाह्य, तार आपोआपच लागली वाटते," ती बाहेर पाहतच म्हणाली. तिचा आवाज मोकळा होता. "पुरं बोलले एकडाव. आता जाळ तू. तापली काय ते?"

मैत्रेयीनं डावी मूठ मागं नेली, ओढणीखाली.

"तापली," ती म्हणाली.