पंगत उठेपर्यंत

भांडीकुंडी खोक्यांत गेली तेव्हा माधवराव म्हणाले, "आज हॉटेलात जेवू. उद्या गाडी." आधी संस्थान गेलं, मग मध्य भारत झाला, आता तोही मोडून राजधानी भोपाळला चालली होती आणि तिच्या मागोमाग त्यांच्या मुलाचं, मधुसूदनचं दप्तर. सून शरयू हिला त्याचं काही नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं, की जेवण आटोपलं की नणंद, सुधाताई, तिच्या लहानग्या गोपूला टांग्यात घालून नया बाजारला आपल्या घरी नेणार.

"वर्षभर राहू दे माझ्याकडे," सुधाताईंनी ठरवूनच टाकलं होतं. "जिला स्वतःला घास गिळता येत नाही, ती परक्या गावात पोराला काय भरवणार?" मधुसूदन "बघू" म्हणाला होता. त्याचं "बघू" म्हणजे होच.

लहानपणी शरयू घटसर्पातून वाचली, पण घसा अधूच राहिला. हनुवटी छातीला टेकवून एकेक घास दोनदा गिळावा लागे. दाटसर असलं तर उतरे, पाणी मात्र उलटं नाकात येई. त्यामुळे पंगतीत ती नेहमी मागे. आणि या घरची रीत अशी, की शेवटच्याचं होईपर्यंत कुणी उठायचं नाही. "आमचे हात वाळले हो, शरयू!" असं सुधाताईंनी गोड आवाजात म्हटलं, की ती अर्धपोटी पान आवरून घेई. लग्न झाल्यापासून ती पोटभर अशी जेवलीच नव्हती.

याच हॉटेलात, गोपूच्या वाढदिवसाला, तिला ठसका लागला होता. "पाणी पी, पाणी पी," करत सुधाताईंनी पेला तिच्या तोंडाला लावला आणि पाणी नाकातून साडीवर आलं. वर वेटरला ओरडून सांगितलं, "डरो मत भैया, टीबी नहीं है! इनको निगलना नहीं आता." शेजारच्या टेबलावरची माणसं उठून लांब बसली. वेटरनं तो पेला फडक्यात धरून नेला. ते फडकं शरयूच्या डोळ्यांसमोरून हललं नव्हतं.

इंदरगंजच्या चौकातल्या त्या हॉटेलात वरच्या मजल्यावर फॅमिलीसाठी पडद्याची केबिन होती. सुधाताई तिकडे वळल्या.

"बाहेरच बसू या ना, वन्सं. वारा आहे," शरयू म्हणाली आणि वरच्याच भर हॉलमधल्या टेबलाशी गोपूला मांडीवर घेऊन बसलीसुद्धा.

"जल्दी लाओ भैया," सुधाताई म्हणाल्या. "चारला बायका बोलावल्यात मी, गोपूला ओवाळायला. खाली टांगा उभा आहे."

टांगा शरयूनं पाहिला होता. सकाळपासून तिनं पोटात काही घातलं नव्हतं ते उगाच नाही.

वरणभात तिनं मऊ कालवला, वर तूप घेतलं. एक घास गोपूला, एक स्वतःला. हनुवटी खाली, एकदा, दोनदा. मग पुन्हा गोपू. तोही गालात घास धरून रमतगमत जेवणारा. सुधाताई त्याचं नाक दाबून कोंबत, आणि तो ओकून टाके. आज मायलेकरांची चाल कशी छान जुळली होती.

माधवरावांचं झालं. मधुसूदनचं झालं. सुधाताईंचं तर केव्हाच; बोटांवरचं श्रीखंड सुकून पांढरं पडलं.

"आमचे हात वाळले हो, शरयू!"

शरयूनं घास पुरता उतरू दिला. मग वर पाहिलं. "वाळू देत, वन्सं. मला भूक आहे अजून. भैया, थोडा चावल और. आलू भी, गले हुए."

मधुसूदन गडबडून ताटात बघू लागला.

"नाना, सांगा ना हिला काही!"

"दरबारच्या पंगतीत याहून जास्त वाळलेत माझे हात," माधवराव म्हणाले. "बस."

खालून टांगेवाल्याची हाक आली, "बाईसाहब, चलना है कि घोड़ा खोल दूँ?"

चार वाजून गेले. सुधाताई खुर्चीत चुळबुळू लागल्या, आणि आज शेजारच्या टेबलांवरचे लोक त्यांच्याकडे बघत होते. नया बाजारात निरांजनं लावून बायका ताटकळल्या असतील, तूप संपत आलं असेल. शरयूला ते चित्र श्रीखंडाहून गोड लागलं. तिनं बोटभर श्रीखंड घेतलं. हनुवटी खाली. एकदा. दोनदा.

"मला नाही बसवत!" सुधाताई उठल्याच. "चल रे गोपू."

"सुधा," माधवराव खालच्या आवाजात म्हणाले. "पंगतीतून उठलीस?"

"अहो पण किती वेळ—"

"उठलीस ती उठलीस. जेवत्या लेकराला उठवायचं नाही."

गोपूनं आईकडे बघून पुन्हा आ वासला. त्याची वाटी चाटूनपुसून रिकामी होती. मधुसूदन त्या वाटीकडे बघतच राहिला. "एवढं जेवतो हा?"

"रोज जेवेल," शरयू म्हणाली. "घाई करणारं कुणी नसलं, तर."

मधुसूदननं घसा खाकरला. "ताई, गोपू आमच्याबरोबर येतोय. तसंही त्याला तिकीट लागत नाही."

सुधाताई उष्टा हात पदराआड धरून जिना उतरल्या. खाली टांगा हलल्याचा आवाज आला. शरयूनं तो पुरता विरेपर्यंत ऐकला, मग वेटरला हाक मारली.

"भैया, उनका गिलास उठा लो. हाँ, कपड़े से पकड़ के. डरो मत, कुछ हुआ नहीं है उनको." तिनं आपली वाटी पुढे सरकवली. "और श्रीखंड लाओ."

मधुसूदन वाळलेला हात घेऊन तसाच बसून राहिला.