अंगठ्यावरचं बटण

समुद्राच्या तळाशी गेलं तरी नणंद पाठ सोडत नसेल, तर बाईमाणसाने जायचं तरी कुठे? दातांच्या डॉक्टरबाईंना हा प्रश्न अकरा वर्षं छळत होता.

म्हणजे नणंद वाईट होती असं मुळीच नाही हं! शिवणकामाचं दुकान चालवणारी, दोन वर्षांनी मोठी, जीव लावणारी. पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरायला दोघी एकदमच शिकल्या. तिथला पहिला नियम असा की एकट्याने उतरायचं नाही, जोडीदार हवा. त्या जोडीदाराला म्हणतात ‘बडी’, आणि वन्संनी तो शब्द मोठेपणाच्या अर्थानेच घेतला. खाली गेलं रे गेलं की बाईंची बाही धरून ओढायच्या: इकडे बघ, तिकडे बघ, चल पुढे. बाईंना एखाद्या खडकापाशी निवांत थांबायचं असायचं. पण वन्संचा पाय एका जागी ठरेल तर शपथ! समुद्रघोडा बघायचा म्हणून दोघी पहिल्या दिवसापासून झुरत होत्या. या धावपळीत तो बापडा दिसणार कसा?

शेवटी बाईंनी एकटीने उतरायच्या परवान्यासाठी नाव नोंदवलं. वन्संना सांगायला दुकानात गेल्या तेव्हा मात्र त्यांची बोबडी वळली.

“एकटी?” वन्संनी कात्री खाली ठेवली. “जा की. मी कोण अडवणारी? पण एकदा एकटी गेलीस, की परत माझ्याबरोबर यायचं नाव काढू नकोस.”

बाईंना एकटीने जायचं होतं, खरंय. पण वन्संना सोडायचं कुठे होतं?

परीक्षेच्या रविवारी वन्सं बोटीवर आल्या, आणि पाठ फिरवून बसल्या. “मी हवा खायला आलेय,” म्हणाल्या. शिकवणाऱ्या सरांच्या गळ्यात कायम शिट्टी असायची, म्हणून त्यांना सगळे शिट्टीसर म्हणत. ते बाईंना म्हणाले, “मी लांबून बघेन. मी नाहीच असं समजा.” बाईंनी उडी मारली.

आणि काय सांगू! बाही ओढायला कुणी नाही, चल म्हणायला कुणी नाही. बाईंनी उगाचच एक गिरकी घेतली. मग आणखी एक घेतली. एका खडकापाशी थांबल्या, तर मनसोक्त थांबल्या. आणि समोरचं गवत हललं. शेपटी गवताला गुंडाळून, मान ताठ करून, बोटभर उंचीचा पिवळाधमक समुद्रघोडा उभा! हरखून बाईंनी उजव्या हाताचा अंगठा वर केला आणि वन्संना दाखवायला उजवीकडे वळल्या. उजवीकडे नुसतं पाणी होतं.

इथे बाईंच्या धंद्याने घात केला. दवाखान्यात पेशंटचं तोंड उघडं, बोलणार कसा? म्हणून बाई अंगठा वर करून विचारत, ‘ठीक ना?’ आणि तोही अंगठ्यानेच उत्तर देई. वीस वर्षांची सवय ती! पण पाण्याखाली अंगठा वर म्हणजे ‘बास, आता वर चला’. एकाने दाखवला की विषय संपला, हुज्जत नाही. आजवर हे निभावलं, कारण अंगठा वर गेला रे गेला की वन्सं फटकन चापट मारून तो खाली पाडायच्या. आज चापट आलीच नाही. शिट्टीसर मात्र आले, स्वतःचा अंगठा वर करून. बाईंनी डोळ्यांनी खूप विनवलं, पण छे!

“नापास,” बोटीवर चढताच शिट्टीसर म्हणाले. “पुढच्या रविवारी या.”

वन्सं न राहवून वळल्या. “का गं? सरांनी तुला अंगठा दाखवला?”

“नाही हो वन्सं. मीच त्यांना दाखवला.”

रुसवा टिकवायचा वन्संनी फार प्रयत्न केला, पण तोंडाने दगा दिला. अशा काही हसत सुटल्या की बोट डुलायला लागली. “अगं वेडाबाई! अकरा वर्षं मी तुला चापट्या काय हौस म्हणून मारत होते?”

बाईही हसत होत्या. हसता हसताच त्यांना रडू फुटलं. “समुद्रघोडा होता हो, वन्सं! तुम्हाला दाखवायला वळले, तर तुम्ही नाहीच.”

वन्संनी हात पुढे केला. “तो हातमोजा दे इकडे.”

पुढच्या रविवारी हातमोजा परत आला. अंगठ्यावर कोटाचं भलंमोठं लाल बटण, दुहेरी दोऱ्याने घट्ट शिवलेलं.

“हे दिसलं की समजायचं, मी चापट मारली. आता जा एकटी.”

“आणि नंतर? तुमच्याबरोबर…”

“आधी पास तर हो!”

तोच खडक, तेच गवत. बाई थांबल्या. बराच वेळ थांबल्या. आणि आला की! आज तर जोडीने! अंगठा उसळलाच, पण डोळ्यांपुढे लालभडक बटण आलं आणि तो निमूट खाली बसला. लांबून शिट्टीसरांनी मान डोलावली. बाईंनी सवयीने उजवीकडे पाहिलं. मग हात हळूच पुढे केला, अंगठा आडवा धरला आणि त्या बटणाला दोन्ही घोडे नीट, पोटभर दाखवले.

वर आल्या तर वन्सं टाकी बांधून, गॉगल चढवून बोटीच्या काठावर बसलेल्या.

“दिसला का गं तुला?”

“आपल्याला दिसला, वन्सं. दोन दिसले.”

वन्संनी त्या बटणाकडे पाहिलं, मग बाईंकडे.

“मग मला परत बघायचेत,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी धबकन उडी मारली.