मी गप्प आहे, घाबरू नका

सकाळचे दहा वाजून सतरा मिनिटं झाली होती. भीती म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

मी कर्सर बोलतोय. फोटो स्टुडिओतल्या जुन्या कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर लुकलुकणारी पांढरी रेघ, ती मी. आमच्या कॉम्प्युटरमध्ये युनिक्स आहे, टाइप केलेल्या हुकमांवर चालणारी जुनी प्रणाली. आम्हाला जन्मापासून एकच वळण : सांगितलेलं काम झालं की गप्प बसायचं, अडलं तरच तोंड उघडायचं.

स्टुडिओ एक ताई चालवतात. त्या बाहेर गेल्या की माझ्यासमोर त्यांची वहिनी बसते. शेजारी पाळण्यात तिचं तान्हं बाळ. ते जरा जास्त वेळ निजलं की तिचा जीव वरखाली होतो. नाकाशी बोट धरून श्वास बघते.

त्या दिवशी बाकावर एक आजोबा बसले होते. गेलेल्या बायकोचा शेवटचा फोटो त्यांना मोठा करून हवा होता. कॅमेऱ्यातले फोटो कधीच पुसलेले. उरले होते ते आमच्या पोटात.

वहिनीने ताईंनी शिकवल्याप्रमाणे ‘एमव्ही’ टाइप केलं. म्हणजे इथले फोटो उचल आणि मोठ्या डिस्कवर ठेव. क्षणात ठेवले. मी गप्प, नव्या ओळीवर लुकलुकत उभा.

“अगं बाई, काहीच झालं नाही!” म्हणत तिने तोच हुकूम पुन्हा दिला.

मी चाटच पडलो. उचललेलं पुन्हा कुठून उचलू? बोलावंच लागलं : ‘अशी फाईल इथे नाही.’

तिचा चेहरा पांढराफटक पडला. जुन्या जागी बघितलं, तर सगळं रिकामं. आजोबा बाकावरून उठले. तिने ताईंना फोन लावून स्पीकरवर टाकला.

“वन्सं, आजींचे फोटो गेले! मशीनने गिळले! मी बंदच करते हे!”

तिचा हात माझ्या प्लगवर. घड्याळात दहा वाजून सतरा मिनिटं.

“हात काढ आधी, वहिनी! पहिल्यांदा काय म्हणालं ते?”

“काही नाही. मख्ख बसलं होतं.”

“मग झालं की काम! बाळ निजलं की त्याला उठवून विचारतेस का, निजलास का म्हणून?”

“विचारते की.”

पलीकडे हसू फुटलं. “धन्य आहेस! आता मोठ्या डिस्कवर ‘एलएस’ टाक. तिथं काय आहे ते दिसेल.”

तिने टाकलं. फोटोंची नावं ओळीने उभी राहिली. तिने एक उघडला.

“हीच!” आजोबा पडद्याजवळ वाकले. “अशीच हसायची. दात लपवून.”

वहिनी खुर्चीत टेकली. मग सवयीने पाळण्याकडे वळली, बाळाच्या नाकाशी बोट धरलं. श्वास लागला. या वेळी तिने त्याला उठवलं नाही.

माझं एवढंच मागणं आहे. माझ्यासमोर नवीन कुणी बसलं, तर त्यांना हे नक्की सांगा : कर्सर गप्प असेल तर काम झालंय. शंका आली तर खुशाल जाऊन बघा, पण तोच हुकूम पुन्हा देऊ नका. आणि प्लगला तर हातच लावू नका.