चाळीस कागद आणि माझे चार शब्द

मी एक जुना रबरी शिक्का आहे. माझ्या अंगावर चारच इंग्रजी शब्द कोरले आहेत, ‘अ‍ॅज सून अ‍ॅज पॉसिबल’. म्हणजे जमेल तितक्या लवकर. जन्मभर दुसरे काही बोलायची सोय नाही.

मित्रांनो, लिफ्टदुरुस्तीच्या कचेरीत मी आलो तेव्हा माझा केवढा रुबाब होता! महिन्यातून एखाद्या कागदावर मी उमटायचो आणि मेकॅनिक डबा अर्धा टाकून पळायचा. मग नवे हेडक्लार्क आले. शिक्का मारला की आपली जबाबदारी संपली, असा त्यांचा खाक्या. आलेली तक्रार न वाचताच ते मला ठोकायचे. आरसा तडकला, ठोक. बटणातला दिवा गेला, ठोक. अति तेथे माती, दुसरे काय! माझ्याकडे कोणी बघेनासे झाले.

एकदा हेडक्लार्कच्या आईच्याच इमारतीची लिफ्ट बंद पडली. आई व्हीलचेअरवर, घर पाचव्या मजल्यावर आणि शुक्रवारी डोळ्याचे ऑपरेशन. साहेबांनी त्या कागदावर मला दोनदा दाबले आणि निर्धास्त झाले. बुधवार आला तरी कागद गठ्ठ्यातच होता.

“अहो, ती लिफ्ट अजून का झाली नाही?” ते मेकॅनिकवर ओरडले.

“साहेब, चाळीस कागद आहेत. चाळिसांवर हेच लिहिलंय. आधी कुठे जाऊ, तुम्हीच सांगा.”

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. साहेबांनी गुपचूप पेन उघडून लिहिले, ‘आई पाचव्या मजल्यावर अडकली आहे. शुक्रवारी सकाळी नऊला ऑपरेशन आहे. त्याआधी अ‍ॅज सून अ‍ॅज पॉसिबल लिफ्ट सुरू करावी.’ शब्द माझेच होते, पण आता ते कोणासाठी आहेत हे कळत होते.

गुरुवारी आई खाली उतरली. साहेब मात्र उरलेले कागद वाचत बसले. तळाशी सातव्या मजल्यावरच्या एका आजोबांचा कागद होता. ‘दोन महिने झाले, पायऱ्या जमत नाहीत, घरातच आहे.’ त्यावर मी जांभळा, ठळक उमटलो होतो. साहेबांचा चेहरा उतरला. मला खणात टाकून त्यांनी कुलूप लावले आणि मेकॅनिकला घेऊन ते स्वतः आजोबांकडे गेले.

तेव्हापासून मी इथे अंधारात आहे. मित्रांनो, माझे शब्द जरूर लिहा, पण कोण अडकले आहे आणि कधीपर्यंत पोहोचायचे आहे, तेही लिहा. ‘मला बाहेर काढा’ असे मलाही ओरडावेसे वाटते. पण मला येतात ते चारच शब्द, आणि त्यांच्यावर आता कोण विश्वास ठेवणार?