पाठमोरा त्रिकोण

"चूक नाही म्हणतोय," बुर्माकान संगणकाच्या पडद्याकडे पाहत म्हणाली, "आणि त्रिकोणही नाही म्हणतोय."

"माझाही दिसत नव्हता, एजे," शेजारच्या संगणकावरून मेरिम म्हणाली. "ती सातवी ओळ आहे ना, ती उडवा. बघा, माझा कसा टुणकन आला!"

मेरिमच्या पडद्यावर खरोखरच केशरी त्रिकोण होता. बुर्माकानच्या पडद्यावर नुसता काळोख.

"का उडवू?"

"चालतं म्हणून!"

"चालतं हा परिणाम झाला. मी कारण विचारतेय."

"बाई गं! तुमच्या शाळेत असते तर नापासच झाले असते मी."

"नापास नाही करत मी कोणाला. फळ्यापाशी उभं करते."

मेरिम बिश्केकमधल्या मोबाइलच्या दुकानात कामाला होती, वयाने बुर्माकानच्या निम्मी, म्हणून तिला एजे, म्हणजे ताई, म्हणायची. दोघी संगणकाच्या पदवीच्या बहिःस्थ विद्यार्थिनी. बुर्माकान नारीनच्या पलीकडच्या गावात एकोणीस वर्षे गणित शिकवत होती आणि दुसरे कोणी नव्हते म्हणून अकरा वर्षे संगणकही. आता नियम आला होता: संगणक शिकवायचा तर त्या विषयाची पदवी नाहीतर प्रमाणपत्र हवे. नसेल तर सप्टेंबरपासून तो वर्ग कवायतीच्या मास्तरांकडे जाणार होता. ते दोन आठवड्यांचे प्रमाणपत्र घेऊन मोकळे झाले होते; बुर्माकानला मात्र पदवीच हवी होती. आज एकच्या आत त्रिकोण तपासून घेतला नाही, तर बुर्माकानला परीक्षेला बसता येणार नव्हते. साडेबारा झाले होते.

तिने टिपणे पुन्हा वाचली. सातव्या ओळीचा अर्थ असा, की जी आकृती पाहणाऱ्याकडे पाठ करून आहे ती संगणकाने रंगवू नये. फुकटची मेहनत वाचते. तोंड कोणते आणि पाठ कोणती, हे बिंदूंच्या क्रमावरून ठरते. तिन्ही बिंदू घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने आले तर तोंड, काट्यांच्या दिशेने आले तर पाठ.

तिने कागदावर आपले बिंदू मांडले आणि एक, दोन, तीन म्हणत पेन्सिल फिरवली. पेन्सिल काट्यांबरोबर फिरली. दुसरा कागद घेऊन तिने न पाहता, सहज म्हणून त्रिकोण काढला. तोही तसाच.

तिची आई शिरदाक, म्हणजे नक्षीचे लोकरी गालिचे, करायची. लोकर मळून केलेले दोन रंगांचे जाड थर एकावर एक ठेवायचे आणि शिंगाच्या वळणाची नक्षी एकदमच कापायची. सुरी सूर्याच्या चालीने, म्हणजे काट्यांच्याच दिशेने फिरली पाहिजे, असा आईचा दंडक होता. उलटी फिरली की मनगटावर चापट बसे. या दंडकाला काही आधार असल्याचे बुर्माकानला कधी आढळले नव्हते. लोकर दोन्हीकडून सारखीच कापली जाते. आई जाऊन नऊ वर्षे झाली होती. मनगट मात्र अजून तिच्या धाकात होते.

कारण सुचले म्हणजे ते खरे ठरत नाही. म्हणून तिने सातवी ओळ तशीच ठेवली, बिंदूंचा क्रमही तसाच ठेवला आणि त्रिकोणाला उभ्या अक्षाभोवती फक्त अर्धी गिरकी दिली.

काळोखात केशरी त्रिकोण उभा राहिला.

"झालं का, एजे?" मागून एल्दियारचा आवाज आला. शिकवणारा हा सव्वीस वर्षांचा मुलगा हातात यादी घेऊन रांगेरांगेने येत होता.

"झालं, अगाय." शिक्षकाला म्हणायचा तो शब्द तिने त्याच्यासाठी न अडखळता वापरला. "आधी दिसत नव्हता. आता वळवलाय."

"आधी काढलाच गेला नव्हता म्हणा की."

"तिन्ही बिंदूंचं गणित झालं होतं. तो होता, अगाय. पाठमोरा होता."

एल्दियारने तिचा कागद उचलला, त्यावर बोट फिरवले. "बरोबर. पण टिपणांत क्रम सरळ दिलाय की. तुम्ही उलटा का घेतलात?"

सांगता आले असते.

"हाताची सवय," ती म्हणाली. मग तिने गिरकी काढून टाकली, दोन बिंदूंची अदलाबदल केली आणि त्रिकोण समोरून दाखवला.

त्याने तिच्या नावापुढे खूण केली आणि वर्गाकडे वळून विचारले, "सातवी ओळ कोणी कोणी उडवलीय?"

पडद्यांआड माना खाली गेल्या.

"एकच्या आत परत घाला. त्रिकोणासकट."

"मेले!" मेरिम पुटपुटली. तिने ओळ परत घातली आणि तिचा पडदा काळा झाला. "एजे, सांगा ना पटकन. पाचच मिनिटं राहिलीत."

बुर्माकानने खुर्ची तिच्याजवळ ओढली. "बिंदू कुठल्या क्रमाने लिहिलेस?"

"म्हणजे? कसेही!"

"कसेही नाही. बोट ठेव आणि मोज."

मेरिमने काळ्या काचेवर बोट टेकवले. एक. दोन. तिसऱ्याकडे काट्यांच्या दिशेने वळताना तिचे बोट अडले आणि तिने बुर्माकानकडे पाहिले.

 शाळेत फळ्यापाशी मूल अडले की बुर्माकान जशी थांबायची, तशी थांबली.