नोटिशीची पोच

साठ सालची गोष्ट. राजमहंमदच्या बायकोची, कमरजहाँची कबर नव्या धरणाच्या पाण्यात जाणार होती. आसपासची जमीन सरकारने घेतली होती, पण सरकारी यादीत कबरस्तानाचा नंबरच नव्हता. म्हणजे न घेतलेली जमीन बुडवता येत नाही, असा दावा लावायला जागा होती. मी नुकताच शाळेतून निवृत्त झालो होतो. तो माझ्याकडे आला.

"वडगावच्या कोर्टात जाऊ का, मास्तर? जवळ पडतं."

"सरकारवरचा दावा तिथं चालत नाही. त्याला पुण्याचं जिल्हा कोर्ट. आणि आधी सरकारला नोटीस द्यायची. मग दोन महिने थांबायचं. ते भरल्याशिवाय दावा दाखल होत नाही."

"दोन महिनं? कोंबडी बी एकवीस दिसांत उरकती."

मी हसलो. नोटीस लिहून दिली आणि लहान मुलाकडून पाढा घ्यावा तसं त्याच्याकडून तीनदा म्हणून घेतलं: आधी नोटीस, मग दोन महिने, मग दावा.

दिवस भरल्यावर आम्ही पुण्याला वकिलांकडे गेलो. त्यांनी नोटिशीची पोच मागितली. राजमहंमदने जपून ठेवलेला कागद उलगडला.

"ही काय. आमच्या पाटलाची सही."

"पाटलाची?"

"व्हय. सरकारला काय बी द्यायचं तर पाटलाच्याच हाती देतो की आमी. माझा बाप बी तसंच करायचा."

वकिलांनी चष्मा काढून ठेवला. नोटीस कलेक्टरच्या कचेरीत पोचायला हवी होती. ती पाटलाच्या दप्तरातच पडून राहिली होती. आता नवी नोटीस, पुन्हा दोन महिने. धरणाची दारं पंधरा दिवसांत बंद व्हायची होती.

"काम थांबवायचा अर्ज तरी करा," मी म्हणालो.

"दावाच नाही, मास्तर. अर्ज कशात करू?"

नोटीस कोणाच्या हाती द्यायची, एवढंच मी सांगितलं नव्हतं. मला ते इतकं उघड वाटलं होतं. मुलं चुकली की शिकवण्यात काय राहिलं ते आधी बघावं, हे मी जन्मभर दुसऱ्या मास्तरांना सांगत आलो.

नवी नोटीस आम्ही त्याच दिवशी कलेक्टर कचेरीत दिली. शिक्क्याची पोच घेतली.

सोळाव्या दिवशी पाणी कबरस्तानाच्या बांधाला लागलं. महिन्याभरात तिथल्या कडुलिंबाचा शेंडा तेवढा वर राहिला.

दोन महिने भरले तेव्हा वकिलांचं पत्र आलं: आता दावा दाखल करता येईल. मी ते राजमहंमदला वाचून दाखवलं. तो पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला.

"मास्तर," तो म्हणाला, "आता दाव्यात मागायचं काय?"

मी पत्राची घडी केली.