तिसरा सोलेनॉइड

तिसराही सोलेनॉइड मेला, असं बाबांनी जाहीर केलं आणि लगेच सुटे भाग पुरवणाऱ्या मामाच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू झाला.

"भंगार विकतो तुझा मामा, भंगार! सख्ख्या मेहुण्याला टोपी घालतो! लाज कशी वाटत नाही मेल्याला?"

लेक पान्हा हातात धरून आतून नुसती उकळत होती. सोलेनॉइड म्हणजे मुठीत मावेल एवढी डबी. बटण दाबलं की तिने बॅटरीचा करंट स्टार्टरकडे सोडायचा, एवढंच तिचं काम. ती दोन महिन्यांत तीनदा कशी जाते? पण बाबांना विचारणार कोण! काल भर बाजारात त्यांनी मामाला चोर म्हटलं होतं, आणि आई कालपासून कुणाशीच धड बोलत नव्हती.

दुकानाच्या दारात जीवरक्षक उभा होता, एक हात गळ्यात बांधलेला. दुरुस्तीला आलेली वॉटर स्कूटर त्याच्याच पथकाची. परवा एक पोरगी समुद्राच्या ओढीत सापडली. हा स्कूटरवर बसला, बटण दाबलं, स्कूटर ढिम्म. शेवटी पोहत गेला. पोरगी वाचली, पण खडकावर आपटून याचा खांदा निखळला.

"मिस्त्री, मला मामा नको, काका नको," तो म्हणाला. "दोनदा तुम्ही 'झालं काम' म्हणून गाडी दिलीत. इथे थंड असताना चालू होते. तासभर फिरवून बंद केली की संपलं. आज पोरांकडून मुद्दाम तशी तापवूनच आणलीय. पुढच्या वेळी मी पोहून वेळेवर पोचलो नाही तर?"

"आज सोक्षमोक्षच लावतो. सगळे गप्प बसा!"

बाबांची ही पद्धतच होती. सीट काढायची, पंखा आणि कॉम्प्रेसर बंद करायचा, बटण दाबायचं आणि कान लावायचा. 'टक' वाजलं नाही तर सोलेनॉइड गेला. 'टक' वाजलं आणि तरी इंजिन फिरलं नाही, तर स्टार्टरकडे बघायचं. तीस वर्षं या कानावर दुकान चाललं होतं. हे काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. लेकीला मागे पंप धुवायला पिटाळायचे. आज कंबर धरल्याने वाकून हात बटणापर्यंत पोचत नव्हता, म्हणून ते तिला दाबायला सांगितलं आणि स्वतः स्कूटरच्या पोटात डोकं घातलं.

तिने दाबलं. टक.

"बघ! हूं नाही की चूं नाही! मुडदा!" बाबा आतून ओरडले.

ती चमकली. तिने परत दाबलं. टक. चांगलं खणखणीत.

"पाण्यातही हेच करते," जीवरक्षक म्हणाला. "नुसती टकटक. पहिल्या दिवसापासून."

तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि पाठोपाठ तिडीक गेली. हाक मारली तर ओ न देणारे बाबा. फोन उचलून दुसऱ्याच्या हातात देणारे बाबा. 'तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतेस' म्हणून आईवर डाफरणारे बाबा!

"टक वाजतंय, बाबा!" ती किंचाळली. "चोर सोडून संन्याशाला फाशी देताय तुम्ही! सोलेनॉइड ठणठणीत आहे, स्टार्टर गेलाय! मामा चोर नाही, तुम्ही बहिरे झालाय, बहिरे! तुमच्या तोऱ्यापायी एक पोरगी मेली असती!"

जीवरक्षक जमिनीकडे बघू लागला. बाबांनी सावकाश डोकं बाहेर काढलं.

"ओरडतेस काय? काय म्हणालीस?"

रागाच्या भरात एका दमात सुटलेलं सगळं आता तिला त्यांच्या डोळ्यांत बघून पुन्हा म्हणायचं होतं. त्याऐवजी तिने त्यांचा हात धरला, बोटं सोलेनॉइडवर टेकवली आणि दुसऱ्या हाताने बटण दाबलं.

बाबांची बोटं दचकली.

"परत," ते म्हणाले.

तिने दाबलं.

"परत."

चौथ्यांदा दाबलं तेव्हा ते सोलेनॉइडकडे बघतच नव्हते, तिच्या तोंडाकडे बघत होते.

"तुला आवाज येतोय?"

"येतोय."

"यालाही?"

जीवरक्षकाने मान डोलावली. बाबा ओल्या फरशीवरच बसले. त्यांनी फडक्याला हात पुसले, जोरजोरात, सालं निघतील इतके.

"स्टार्टर तू काढ," ते म्हणाले. आवाजातला राग तसाच होता, फक्त मामावरचा नव्हता. "नवा बसव. गरम झाल्यावर दहा वेळा बंद-चालू करून बघ. तू हो म्हटल्याशिवाय गाडी बाहेर जाणार नाही. माझं ऐकू नकोस."

मग ते जीवरक्षकाकडे वळले.

"त्या पोरीच्या आईबापांचा पत्ता दे."

"कशाला, मिस्त्री?"

"त्यांना सांगायचंय, गाडी कुणामुळे बंद पडली ते," बाबा म्हणाले. "आणि लिहून दे. तोंडी सांगू नकोस."